बाबांनी विचारलेल्या सालाबद्दल

अथेन्स

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, "ते ग्रीकांचं यंत्र नक्की कोणत्या सालचं?" असं तुम्ही विचारलंत आणि नेमकी रेंज गेली. फोनवर उरकण्यासारखं ते नाहीच, म्हणून लिहितेय. आई, तुला कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाच.

इथल्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ते काचेआड ठेवलंय, अँटिकिथेरा यंत्र म्हणतात त्याला. पहिल्या नजरेला हिरवा पडलेला फुटका दगडच वाटतो. जरा वाकून पाहिलं की चार आऱ्यांचं एक चाक दिसतं आणि त्याच्या कडेला बारीक त्रिकोणी दाते. सगळे मिळून ८२ तुकडे, त्यांत ३० दातेरी चाकं शिल्लक. अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांनी १९०१ साली हा माल वर आणला, पण त्यात चाकं आहेत हे कुणाच्या लक्षात यायला १९०२ उजाडलं. बाजूची मूठ फिरवली की सूर्य-चंद्र कुठे आहेत, ग्रहण कधी, ऑलिंपिकचं वर्ष कोणतं, हे सगळं तबकड्यांवर दिसायचं.

आता साल. बाबा, तुमच्या दाखल्यावर १ जून आहे आणि आजी म्हणायची, पानशेत फुटलं त्याच्या आदल्या थंडीत झालास. दाखला खोटा नाही, पण तुम्ही जन्मलात कधी हे तो सांगत नाही. या यंत्राचे दाखले तर तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या गोष्टींचे.

पहिला जहाजाचा. १९७६ मध्ये कूस्तो हा फ्रेंच पाणबुड्या तिथे उतरला तेव्हा पर्गमम आणि इफेसस या जुन्या शहरांची नाणी सापडली. त्यावरून जहाज इ.स.पू. ७० ते ६०च्या सुमारास बुडालं असं धरतात. जहाजाच्या लाकडाची कार्बन तपासणी मात्र त्याच्याही साधारण दीडशे वर्षं मागे जाते. त्यात नवल नाही, ती तपासणी झाड कधी वाढलं ते सांगते, जहाज कधी बुडालं ते नाही. थोडक्यात, यंत्र इ.स.पू. ६०च्या आधीचं. किती आधीचं, याबद्दल जहाज गप्प.

दुसरा दाखला अक्षरांचा. यंत्रावर कोरलेली काही अक्षरं दोन मिलिमीटरपेक्षाही लहान आहेत. २००५ साली आठ टनांचं क्ष-किरण यंत्र संग्रहालयात आणून आतल्या ओळी वाचल्या गेल्या आणि वळणावरून इ.स.पू. १५० ते १०० असा अंदाज निघाला. पण कोरणारा म्हातारा असेल तर तरुणपणी शिकलेलं वळणच गिरवणार, त्यामुळे पन्नास वर्षं इकडेतिकडे सहज होतात.

तिसरा दाखला मला सगळ्यात आवडतो. मागच्या बाजूला एक मळसूत्री तबकडी आहे, २२३ घरांची. एक घर म्हणजे एक चांद्रमास. २२३ महिन्यांनी, म्हणजे १८ वर्षं आणि ११ दिवसांनी, ग्रहणं त्याच क्रमाने परत येतात. ज्या महिन्यात ग्रहण संभवतं त्याच घरात खूण, चंद्रग्रहणाला सिग्मा, सूर्यग्रहणाला ईटा ही ग्रीक अक्षरं, आणि खाली ग्रहणाचा तास. कार्मान आणि इव्हान्स या दोघा अभ्यासकांनी उरलेल्या खुणा त्या काळातल्या ग्रहणांशी ताडून न जुळणारी वर्षं एकेक करून बाद केली. २०१४ मध्ये त्यांचं उत्तर आलं, पहिल्या घरातली पौर्णिमा १२ मे, इ.स.पू. २०५. (तिच्या शेजारची तबकडी तुम्हाला ओळखीची वाटेल: १९ वर्षांत २३५ चांद्रमास. आपल्याकडे २००४ला अधिक श्रावण आला आणि २०२३ला पुन्हा, तो याच हिशेबाने.)

इ.स.पू. २०५ म्हटल्यावर अनेकांना यंत्राचं नातं आर्किमिडीजशी जोडायचा मोह झाला, कारण तो इ.स.पू. २१२ला मारला गेला, म्हणजे जवळपास त्याच काळात. पण तबकडी कुठून मोजायला सुरुवात करते ते साल वेगळं आणि यंत्र घडवलं ते वेगळं. जुना तक्ता पुढेही चालतो, तो कुणीही उतरवून घेऊ शकतो. शिवाय २०२२ मध्ये दुसऱ्या एका गटाने सुरुवात इ.स.पू. १७८ला धरली आहे, म्हणजे वाद मिटलेला नाही.

मला विचाराल तर मी इ.स.पू. दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध धरेन. चंद्र कधी जलद, कधी मंद चालतो, ते दाखवायला एका चाकावरची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत सरकते. चंद्राच्या या चालीचा कसून अभ्यास करणारा हिपार्कस त्याच सुमारास रोडस बेटावर होता. जहाजावर रोडसच्या सुरया होत्या आणि खेळांच्या तबकडीवर रोडसचे खेळही आहेत. फक्त महिन्यांची नावं रोडसची नाहीत, करिंथ या ग्रीक शहराकडची आणि त्याच्या वसाहतींकडची आहेत. माझ्या मते कारागीर रोडसचा आणि गिऱ्हाईक परगावचं. बाबा, तुम्हाला २०५च बरोबर वाटत असेल तर कारणासकट कळवा.

आई, तुझ्यासाठी: यंत्राच्या दारावर कोणती तबकडी काय दाखवते ते सगळं कोरून ठेवलंय. आपल्या नव्या मिक्सरबरोबर आलेल्या पुस्तिकेपेक्षा नीट! आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे या आठवड्यात जाऊन ये, बाबांना सोबत घे.

तुमची,
मनू