कड्यापासून मागे सरकलेलं घर

किंगलेक, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया
१४ ऑक्टोबर

प्रिय सदा,

परवा फोनवर तू म्हणालास, "अरे, वणवे लागतात हे ठाऊक असून तिथेच घर कशाला बांधतोस?" मला धड उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून आज सविस्तर लिहितो.

सात वर्षं आम्ही या गावात भाड्याने राहतोय. मुलांची शाळा इथली, सुलभाची नोकरी जवळच. पण गाव कुठलं, ते तुला माहीत असायला हवं. ७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नमध्ये पारा ४६.४ वर गेला होता. किलमोर ईस्ट या गावाजवळ विजेची तार तुटली, ठिणगी गवतात पडली आणि संध्याकाळपर्यंत आग इथे पोहोचली. वारा फिरला तशी आगीची लांबलचक बाजूच तोंड होऊन पुढे धावली. त्या दिवशी राज्यभरात १७३ माणसं गेली, त्यांतली ११९ या एका आगीत. कित्येक जण घरातच सापडले. शेजारच्या आजोबांनी एकदा फडताळातून एक चपटा, चकचकीत गोळा काढून माझ्या हातावर ठेवला. त्यांच्या गाडीच्या चाकाचं अ‍ॅल्युमिनियम वितळून ओघळलं होतं, तो तुकडा. त्यात एक खडा रुतलेला आहे. मला बोलायला शब्द सुचेना.

म्हणून घराचा नकाशा त्या तुकड्यापासूनच सुरू झाला, असं मी मानतो. आधीच्या आराखड्यात घर अगदी उताराच्या कडेला होतं. खाली निलगिरीची दरी, सकाळचं धुकं, काय देखावा रे! पण वणवा चढावर जास्त जोरात पळतो. चढ दहा अंशांचा असला तर वेग साधारण दुप्पट. आराखडा काढणाऱ्याने याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, याचा मला अजून राग येतो. पैसे गेले, पाच महिने गेले. आता घर कडा सोडून मागे, रस्त्याच्या बाजूला सपाटीवर येतंय. अग्निशमनाची गाडी आत येऊन वळेल एवढी वाट ठेवली आहे आणि त्यांच्यासाठी १०,००० लिटरची पाण्याची टाकी.

इथे जागेची 'बाल' (बुशफायर अटॅक लेव्हल), म्हणजे वणव्याचा मारा किती बसेल याची पातळी काढतात. झाडी कसली, किती लांब, उतार किती, यावरून घरावर दर चौरस मीटरला किती किलोवॅट धग येईल ते ठरतं. १२.५, १९, २९, ४० आणि त्यापुढे थेट ज्वाळा. आमची २९ निघाली. त्यामुळे काचा टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या, छत पत्र्याचं आणि ओट्याला आगीला दाद न देणारं लाकूड.

पण सदा, मला सगळ्यात जास्त चटका लावून गेलेली गोष्ट वेगळीच आहे. बहुतेक घरं समोरच्या ज्वाळेने पेटत नाहीत. आग यायच्या आधी आणि गेल्यावरही तासन् तास निखारे उडत राहतात. ते वळचणीत शिरतात, पन्हळीतल्या पाचोळ्यावर पडतात, पायपुसणीवर पडतात आणि घर आतून पेटतं. म्हणून बारीकशी फटही मोकळी सोडायची नाही. विटांच्या भिंतीत ओल बाहेर जायला भोकं ठेवतात, त्या प्रत्येकात स्टीलची जाळी. काल मी स्वतः गुडघ्यावर बसून सगळी भोकं तपासली. एकात जाळी नव्हती.

सुलभाला खिडकीशी जाईचा वेल हवा होता. तो नाही. खिडकीपासून तीन मीटरपर्यंत दहा सेंटीमीटरहून उंच झाड चालत नाही, आणि वणव्याच्या दिवसांत अंगणातलं गवत पाच सेंटीमीटरच्या आत ठेवावं लागतं. ती दोन दिवस गप्प होती. मग तिनेच तुझ्या आप्पांची आठवण काढली. फाल्गुनाआधी ते काजूच्या बागेभोवतीचं गवत बेणून पट्टा मोकळा करायचे. आपण दोघं पाचोळा ओढायचो, आठवतं? एकदा खालच्या सड्यावरचा वणवा त्या पट्ट्याशी येऊन विझला होता. आपण हिरव्या फांद्या घेऊन उभे होतो आणि आप्पा मागून ओरडत होते, "पुढे जाऊ नका रे!"

इथेही तेच शिकवतात. एवढं सगळं केलं तरी फार वाईट दिवशी घर राखायला थांबायचं नाही. आदल्या रात्री किंवा सकाळीच निघायचं, धूर दिसायची वाट बघायची नाही. आम्ही चौघांनी बसून ठरवलंय: सरकारने तसा दिवस जाहीर केला की मेलबर्नला मावसबहिणीकडे. धाकटीने स्वतःची पिशवी आत्ताच भरून दाराशी ठेवली आहे. त्यात चित्रांची वही आहे आणि मांजराचा पट्टा.

वहिनींना घेऊन ये, अगदी मनापासून सांगतो. मात्र एप्रिलात ये. जानेवारी-फेब्रुवारीत नको, तेव्हा इथे ऐन उन्हाळा असतो. त्या दिवसांत रोज सकाळी उठून मी आधी वारा बघतो, आणि तू आलास की मला निवांत ओट्यावर बसून तुझ्याशी बोलायचंय.

आप्पांना साष्टांग नमस्कार.

तुझाच,
विन्या