हत्थाजोडी ही मुळी नव्हे

संपादक महोदय,

रावेर तालुक्यात माझी चार एकर केळी आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका यात्रेत मी हत्थाजोडी घेतली. 'विंध्याच्या डोंगरातली दुर्मिळ मुळी आहे, तिजोरीत ठेवा, पैसा खेळता राहील,' असे विकणाऱ्याने सांगितले. पाचशे रुपये मोजले. शेंदूर आणि दोन लवंगा घालून ती चांदीच्या डबीत ठेवली, दर दिवाळीला लक्ष्मीपुढे मांडली. केळीचा भाव तिने कधी वाढवला नाही, तो भाग वेगळा.

यंदा मुलगी सुटीत घरी आली. ती प्राणिशास्त्र शिकते. डबी उघडून म्हणाली, "अप्पा, तुम्ही घोरपड पुजताय!" मी हसलो. तिने ती कोमट पाण्यात टाकली. थोड्या वेळाने वास आला तो मुळीचा नव्हता, वाळल्या मांसाचा होता. नर घोरपडीचे जननेंद्रिय वाळवले की जोडलेल्या हातांसारखे दिसते; तेच मुळी म्हणून खपवतात. घरात कोणालाच जेवण गेले नाही.

घोरपड मला परकी नाही. माझ्या विहिरीच्या दगडी बांधणीत एक राहते. सकाळी उन्हाला येते, दुभंगलेली जीभ आत-बाहेर करत बसते, पाऊल वाजले की सपकन कपारीत. गडीमाणसे तिला विषारी समजतात. ती खाते काय, तर भुंगेरे, हुमणी, उंदीर, खेकडे. म्हणजे आमचेच काम करते. टीव्हीवर इंडोनेशियाचा दहा फुटी कोमोडो ड्रॅगन आला की नातवंडे जागची हलत नाहीत. ही त्याचीच भावकी, आणि हिला पाहिले की हीच पोरे काठी शोधतात.

वन्यजीव संरक्षण कायद्यात (१९७२) घोरपड पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंगतीत आहे. मारली, विकली तर तीन ते सात वर्षांची कैद. तरी आठवडी बाजारात सांधेदुखीवर 'घोरपडीचे तेल' उघड विकले जाते.

विनंती एवढीच, दिवाळीच्या आधी आपण हत्थाजोडीचे हे खरे रूप फोटोसह पहिल्या पानावर छापावे. माझ्यासारखे मुळी समजून पुजणारे खूप असतील.

माझी जोडी मी वनखात्याच्या स्वाधीन केली. डबीत आता सौभाग्यवतींनी हळकुंड ठेवले आहे.

– एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव