साहेबांचा चष्मा आणि बायकोचा चेहरा

मा. संपादक,
स. न.

समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव ओळखण्यात बायका पुरुषांपेक्षा तरबेज असतात, असं सांगणारा लेख तुम्ही रविवारच्या पुरवणीत छापलात. लेख आवडला, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. आमच्याकडे ह्यांनी तो कापून फ्रिजवर चिकटवला आहे. कालपासून काहीही म्हटलं की त्याच्याकडे बोट दाखवतात. "बघ, आमचा दोष नाही. निसर्गानेच दिलं नाही आम्हाला."

मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवत असे, त्यामुळे राहवलं नाही. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांच्या चाचणीत नुसत्या डोळ्यांची ३६ छायाचित्रं असतात. प्रत्येकाबरोबर मनातले भाव सांगणारे चार शब्द, त्यातला नेमका एक निवडायचा. ५७ देशांतल्या तीन लाखांवर लोकांच्या आकड्यांत ३६ देशांत बायका सरासरीने पुढे निघाल्या, हे तुम्ही ठळक टाइपात छापलंत. उरलेल्या २१ देशांत दोघं साधारण सारखेच होते, ते कुठे गेलं? जाहिरातीला जागा कमी पडली का? पुरुष एकाही देशात पुढे नव्हते, हेही खरं. तेवढंच ह्यांनी फ्रिजवर अधोरेखित केलं आहे.

आता ह्यांचंच सांगते. हे सरकारी कचेरीत कारकून होते. साहेबांचा चष्मा नाकावर असेल तर फाईल आत न्यायची, कपाळावर चढवलेला असेल तर उद्या. पेनचं टोपण उघडून परत लावलं, तर परवा. बाहेरच्या स्टुलावरच्या शिपायाला हे विचारत, "हवामान कसं?" तो म्हणे, "ढग आहेत." तीस वर्षांत एकदाही फाईल अंगावर आली नाही, हे अजून येईल त्या पाहुण्याला सांगतात. अशा माणसाला चेहरा वाचता येत नाही म्हणे!

पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी माझं नाव डावलून माझ्याहून आठ वर्षांनी धाकट्या माणसाला घेतलं, त्या दिवशी मी घरी आले. दार ह्यांनीच उघडलं. माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "लाईट बिल भरलंस का?" मी भरलं होतं. पावती पर्समधून काढून हातात दिली. रात्री जेवताना ह्यांनी साहेबांच्या पेनच्या टोपणाची गोष्ट सांगितली, मी ऐकली. चार दिवसांनी बाहेरून कळलं तेव्हा म्हणाले, "तू बोलली नाहीस, मला कसं कळणार?"

१९८५ साली सारा स्नॉडग्रास यांनी माणसांच्या जोड्या लावून एकाला शिकवणारा केलं, दुसऱ्याला शिकणारा. वरचा आपल्याबद्दल काय विचार करतोय, ते खालच्याला जास्त कळत होतं. तो बाई आहे की पुरुष, यापेक्षा तो खाली बसलाय हे महत्त्वाचं ठरलं. मला हे वाचायची गरज नव्हती म्हणा. लग्नानंतर सहा महिन्यांत सासूबाईंनी पातेल्यावर झाकण कसं ठेवलं, यावरून मला घरातलं हवामान कळायचं. त्यांच्या पोटच्या तिन्ही मुलांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. कळून करायचं काय होतं त्यांना?

२००१ साली अमेरिकेत आणखी एक प्रयोग झाला. समोरच्याच्या मनातलं अचूक ओळखलं तर पैसे मिळतील, असं सांगितल्यावर पुरुष बायकांच्या बरोबरीला आले. तेव्हा ह्यांना रोज संध्याकाळी वीस रुपये द्यायची माझी तयारी आहे. पेन्शनीतून परवडेल. कात्रणाशेजारी तसा कागद मी लावला आहे. अजून तरी त्याकडे बोट गेलेलं नाही.

लेखाशेजारी दात दाखवणाऱ्या गोऱ्या बाईंचा फोटो कशासाठी, तेही कळलं नाही. आणि आता लिहितेच आहे तर, गेल्या महिन्यापासून शब्दकोड्याच्या चौकटी इतक्या बारीक केल्यात की त्यात 'क्ष' मावत नाही. तेवढं बघावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा