१६ जीबी रॅमचे पैसे घेऊन ८ जीबीचा डेस्कटॉप दिल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आमच्या कर सल्लागार कार्यालयासाठी आपल्या वेबसाइटवरून डेस्कटॉप मागवला. बिलावर '१६ जीबी रॅम' असे स्पष्ट छापले आहे आणि पैसेही तेवढ्याचेच घेतले आहेत. मशीनमध्ये मात्र ८ जीबीच निघाली. कॅबिनेटवर वॉरंटीचे सील असल्याने मी ते उघडलेले नाही. त्याची गरजही पडली नाही, कारण कमांड लाइनवरूनच सगळे दिसते.

कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सिस्टिमइन्फो' टाइप केले, तर 'टोटल फिजिकल मेमरी'समोर ७,८९३ एमबी आले. आपल्या कस्टमर केअरला कळवल्यावर तिथल्या मॅडमनी मला त्याच्या खालच्या ओळी वाचायला लावल्या. 'व्हर्च्युअल मेमरी : मॅक्स साइज', १६,०८५ एमबी. "बघा सर, सोळा आहे की!" अहो, त्या आकड्यात हार्ड डिस्कवरची पेज फाइल धरलेली असते. रॅम कमी पडली की विंडोज तिथे उसनवारी करते. उधारीची वही दाखवून गल्ल्यात इतके रोख आहेत म्हणण्यातला हा प्रकार झाला, आणि तोही हिशेबनिसाच्या ऑफिसात!

हे पटत नाही म्हटल्यावर दुसरे उत्तर आले की ऑनबोर्ड ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र दाखवणारा मशीनमधलाच भाग) थोडी मेमरी राखून ठेवते. खरे आहे. ८ जीबी म्हणजे ८,१९२ एमबी, त्यातले सुमारे ३०० असे गेले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ग्राफिक्सने अख्खी ८ जीबी गिळली, हे कसे मान्य करायचे?

म्हणून थेट रॅमच्या पट्ट्याच मोजल्या. आपल्या प्रतिनिधीने सांगितलेली 'डब्ल्यूएमआयसी मेमरीचिप' ही कमांड या मशीनवर चाललीच नाही. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ती आधीपासून दिलेली नसते, निदान एवढे तरी आपल्या लोकांना माहीत हवे. मग पॉवरशेल या विंडोजच्याच दुसऱ्या कमांड लाइनमध्ये 'विन३२ फिजिकलमेमरी', म्हणजे बसवलेल्या पट्ट्यांची, माहिती मागवली. इथे राखीव भाग वजा होत नाही, पट्टीची मूळ क्षमता येते. नोंद एकच आली, कपॅसिटी ८५८९९३४५९२ बाइट, म्हणजे बरोबर ८ जीबी. तरीही विंडोजवरच संशय नको, म्हणून पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून 'सुडो डीएमआयडीकोड' या हार्डवेअरची माहिती देणाऱ्या कमांडला टाइप १७ (म्हणजे रॅमचे स्लॉट) दिला. पहिला स्लॉट ८ जीबी, दुसऱ्यासमोर 'नो मॉड्यूल इन्स्टॉल्ड'. स्लॉट रिकामा आहे, यापेक्षा स्वच्छ भाषेत संगणक काय सांगणार?

जीएसटी रिटर्नच्या दिवसांत टॅली, एक्सेल आणि ब्राउझर एकत्र उघडले की मशीन अडते. १६ जीबी हौसेने घेतलेली नव्हती.

माझी मागणी : आपल्या खर्चाने, आपल्या तंत्रज्ञाकडून, त्याच स्पीडची ८ जीबीची दुसरी पट्टी बसवून द्यावी आणि सील तुटल्यामुळे वॉरंटीला बाध येणार नाही असे लेखी द्यावे. ते जमत नसेल तर मशीन परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. "पुढच्या खरेदीवर सूट" हा आपला प्रस्ताव मला मान्य नाही.

ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, तिन्ही कमांडच्या आउटपुटचे स्क्रीनशॉट, कस्टमर केअरशी झालेल्या चॅटची प्रत