आइसलँडच्या पानावर मेंढरं कुठायत?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत आइसलँडच्या ट्रिपवर पानभर लेख आला, फोटो झकासच होते, नॉर्दर्न लाइट्स, धबधबे, गरम पाण्याचे झरे सगळं आलं, पण तिथली माणसं आजवर जगली कशावर याचा एका ओळीत पत्ता नाही. ते बघायचं असेल तर हाल्डोर लॅक्सनेसची ‘इंडिपेंडंट पीपल’ वाचा. मूळ कादंबरी १९३४-३५ ची, दोन भागांत आलेली, लेखकाला १९५५ चं नोबेल मिळालंय, इंग्रजी अनुवाद सहज मिळतो.

ब्यार्तुर नावाचा माणूस १८ वर्षं दुसऱ्याकडे राबून स्वतःचं रान घेतो. मातीगवताचं घर, खाली मेंढरं आणि वर माळ्यावर माणसं, बाहेर पाऊस नाहीतर बर्फ. परीक्षणं लिहिणारे ‘निसर्गाचं बहारदार वर्णन’ म्हणून मार्क देतात ना, तसलं काही शोधू नका, इथं पानोपानी चिंता आहे ती वैरणीची. वसंत ऋतू तर सगळ्यात वाईट, कारण साठवलेली वैरण संपत आलेली आणि नवीन गवताचा पत्ता नाही. घरात एक गाय येते, बायकोचा सगळा जीव तिच्यात, आणि हा बाबा मेंढरांना वैरण पुरावी म्हणून ती गायच कापतो! मला त्याचा भयंकर राग आला, पण मेंढरं मेली तर रानही जाणार हा त्याचा हिशेब खोडताही येईना.

पुढे पहिलं महायुद्ध लागतं, तिकडे माणसं मरतायत आणि इकडे लोकर-मटणाचे भाव चढले म्हणून शेतकरी खूश, मग कर्ज काढून नवं सिमेंटचं घर, मग लढाई संपते आणि भाव कोसळतात. कांदा पिकवणाऱ्याला यातलं काहीच वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ही १९५५ चीच आणि मेंढरांचीच, ती वाचून माणदेश जेवढा कळतो तेवढा गाडीतून खिडकीबाहेर बघत गेलं तर कळेल का?

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी एखाद्या देशावर पान काढाल तेव्हा व्हिसा आणि हॉटेलच्या चौकटीत तिथल्या एका कादंबरीचंही नाव टाका, दोन ओळींची तर जागा लागते. जपानचा नंबर येणार असेल तर कावाबाताची ‘स्नो कंट्री’ आत्ताच सुचवून ठेवतो.

– एक वाचक, सातारा