खिडक्या काढण्याआधी

पणजी, ऑगस्ट

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही कंत्राटदाराचं म्हणणं सांगितलंत, तेव्हा समोर माणसं बसली होती म्हणून काही बोलले नाही. आता लिहूनच कळवते, कारण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. "सगळ्या खिडक्या कुजल्यात, काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवू" हे त्याने एकेका चौकटीला हात लावून सांगितलं का? आई तर म्हणाली, पडवीत चहा पिता पिता सांगितलं. पडवीतून दिसतो तो खिडकीचा रंग. लाकडाची अवस्था तिथून कळत नाही.

आमचं सध्या इथल्या फोंतेन्हास भागातल्या एका जुन्या घराच्या दुरुस्तीचं काम चाललंय. रस्त्याकडच्या खिडक्या शिंपल्यांच्या आहेत. काच महाग होती त्या काळात गोव्यात चपटे, अर्धपारदर्शक शिंपले कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवत. उजेड आत येतो, पण डोळ्यांवर येत नाही. दुपारी त्या खोलीत बसलं की उन्हाची तिरीप कुठे जाणवतच नाही. पुढे काच स्वस्त झाली आणि हे काम करणारे हात कमी होत गेले. आता तर नवा शिंपला आणणंही सोपं नाही, कारण २००१ पासून तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. झुआरी नदीच्या मुखाशी, चिखलीच्या बाजूला तो जिवंत सापडतो, पण आपल्या खिडकीसाठी उचलून आणायचा नाही. म्हणून प्रत्येक झडपेचा कागदावर नकाशा काढून शिंपला न् शिंपला नोंदवतोय: हा धड, हा तडकलेला, याचे पापुद्रे सुटलेत, इथे नुसती खाच. घरच्या बाई कौतुकाने लिंबू घेऊन पुसायला आल्या होत्या. वेळेवर अडवलं. शिंपला म्हणजे चुन्याचीच जात, आंबट लागलं की विरघळतो. आई, तू पितळेला चिंच लावतेस ते पितळेपुरतंच ठीक.

पण खरी तपासणी शिंपल्यांची नाही, लाकडाची असते. आणि लाकडाच्याही आधी पाण्याची. आम्ही भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहतो आणि पाणी कुठून येतं ते बघतो. पागोळी कुठे पडते, पन्हाळ कुठे गळते, खिडकीच्या तळाच्या दगडाला बाहेरच्या बाजूला उतार आहे की पाणी तिथेच साचतं. या घरात कधीतरी कुणीतरी चौकटीभोवती चुन्याऐवजी सिमेंट थापलंय. भेगेतून आत गेलेलं पाणी चुन्यातून वाळून तरी जातं, सिमेंटमागे ते अडकून राहतं. नेमक्या त्याच दोन चौकटी खालून मऊ झाल्यात. बाकीच्या, त्यांच्याच वयाच्या, ठणठणीत.

खिडकी सगळी एकदम कुजत नाही. तिची खालची वीतभर जागा आधी जाते. उभ्या पट्ट्यांची टोकं तिथे आडव्या पट्टीत कुसवाने, म्हणजे टोकाची जीभ खाचेत घालून, बसवलेली असतात आणि लाकूड पाणी पितं ते टोकाकडूनच. वरचा भाग बहुधा धड असतो. तेवढा खालचा तुकडा कापून त्याच जातीचं लाकूड जोडलं की झडप पुन्हा उभी राहते. ॲल्युमिनियमला असा जोड लावता येत नाही, एकदा बिघडलं की भंगारात. शिवाय दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कधीही अर्धीच उघडते. मे महिन्यात माजघरात काय होईल, ते तुम्हीच बघा.

तर बाबा, आईच्या शिवणाच्या डब्यातलं दाभण घ्या आणि प्रत्येक चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत टोचून बघा. रंगाखाली लाकूड धड असेल तर दाभण अडतं. सहज आत गेलं, तर किती खोल गेलं ते बोटाने धरून मोजा आणि खिडकीचा नंबर टाकून वहीत लिहा. बोटांनी ठोकूनही बघा. पोकळ आवाज आला तर वाळवीचा संशय धरा. भिंतीवरून मातीच्या नळ्या वर चढल्यात का, खाली रव्यासारखे दाणे पडलेत का, तेही बघा. बिजागरीपाशी तडा असेल तर तो बहुधा गंजाचा. गंजलेला खिळा फुगतो आणि लाकूड फाडतो. आणि खिडकी लागत नाही म्हणजे ती कुजली असं नाही. श्रावणात सागसुद्धा फुगतो, त्यावर तुम्ही दर दिवाळीला चढवलेले ऑइलपेंटचे थर! तिची परीक्षा दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर.

एक गोष्ट मात्र करू नका. रंग खरवडू नका, सँडपेपर तर अजिबात नको. घरगुती रंगात शिसं किती चालेल याची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत नव्वद भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली. आपल्या खिडक्यांवरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. ती धूळ तुमच्या दोघांच्या पोटात जायला नको, आणि सुट्टीत दादाची मुलं तिथेच लोळत असतात. ते काम ओलं करून, तोंड बांधून करायचं असतं. ते माझ्यावर सोडा.

कंत्राटदाराला आगाऊ रक्कम दिली असेल तर भांडू नका. तिच्यात पश्चिमेची पन्हाळ बदलून घ्या. ती गळते हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि त्या बाजूची चौकट वाईट निघाली तर कारण तेच असणार. चतुर्थीला येताना मी ओलावा मोजायचं यंत्र आणते. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओलावा टिकून राहिला की बुरशीला आयतं रान मिळतं, ते आकड्यातच दाखवते तुम्हाला. माझ्या सांगण्यापेक्षा आकड्यावर तुमचा विश्वास जास्त.

आणि टोचायला स्टुलावर चढायचं नाही. खालचेच कोपरे बघायचेत, ते उभ्याने होतात.

तुमची,
मनू