‘एंटर दाबू नकोस’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

त्या रात्री फोन ठेवताना मी नुसतं ‘थँक्यू’ म्हणालो. तेवढ्यानं माझं समाधान झालेलं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅझ्युर क्लाउडच्या ऑटोमेशन सेवेतलं माझं रनबुक (आपोआप चालणारी स्क्रिप्ट; तिची प्रत्येक फेरी म्हणजे एक ‘जॉब’) ठरावीक टॅग, म्हणजे ओळखीची चिठ्ठी, असलेल्याच क्लाउडमधल्या मशीन बंद करणार होतं. टॅगची व्हॅल्यू मी रिकामी सोडली आणि ते समोर येईल ती मशीन बंद करत सुटलं. मी घाबरून कंट्रोल-सी दाबलं, टर्मिनलही बंद केलं, तरी मशीन बंद पडतच होत्या. नेट इतकं संथ होतं की अ‍ॅझ्युरच्या पोर्टलचं पान उघडेना. तेव्हा तुम्हाला फोन लावला.

“अरे, जॉब तुझ्या लॅपटॉपवर नाही, क्लाउडमध्ये चालतोय. तू फक्त त्याच्याकडे बघायचं थांबवलंस.” तुमच्या या एका वाक्यानं डोकं ताळ्यावर आलं. कमांड द्यायचं पॉवरशेल पुन्हा उघडलं, जॉबची यादी देणाऱ्या ‘गेट-एझेड-ऑटोमेशन-जॉब’ कमांडला स्टेटस ‘रनिंग’ दिलं, तर दोन चालू जॉब दिसले. मी वरच्या जॉबचा आयडी उचलून तो थांबवणारी ‘स्टॉप-एझेड-ऑटोमेशन-जॉब’ कमांड टाइप केली, तिला लागणारी रिसोर्स ग्रुप आणि ऑटोमेशन अकाउंटची नावंही भरली.

“थांब, एंटर दाबू नकोस. आधी रनबुकचं नाव वाच.”

वाचलं. तो दुसऱ्या टीमचा बॅकअप होता. माझा जॉब खाली होता. त्या ३६ अक्षरी आयडीची शेवटची चार अक्षरं तुम्ही माझ्याकडून दोनदा वदवून घेतलीत, मगच एंटर दाबू दिलंत. तुमचे आभार मानायचे ते मुख्यतः या थांबवण्यासाठी. तो बॅकअप अर्ध्यात तुटला असता, तर सकाळी मी कुणाला तोंड दाखवलं असतं?

स्टेटस ‘स्टॉपिंग’वर अडकलंय असं वाटून मी पुन्हा कमांड देणार होतो. तुम्ही धीर धरायला लावलात. ‘स्टॉप्ड’ दिसेपर्यंत आणखी एक मशीन गेली, कारण तिचा आदेश आधीच सुटला होता. शेड्यूल दर तासाचं आहे, तेही बंद कर, हे तुम्हीच आठवण करून दिलंत. माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. नंतर जॉबच्या आउटपुटमधून नावं काढून एकेक मशीन चालू केली. शेवटची उठेपर्यंत तुम्ही फोनवर होतात.

आता टॅग रिकामा असेल तर रनबुक पहिल्याच ओळीत एरर देऊन थांबतं. सवडीनं एकदा तो कोड बघाल का?

तुमचा कृतज्ञ सहकारी